चकतीवरच्या तीन रांगा

माझ्या मनातली जळजळ सुरू झाली ती पाण्यावरून. तिच्या घरच्या बोअरला पाणी होतं आणि माझ्या खोलीच्या नळाला नव्हतं.

दुष्काळाचं ते सलग दुसरं वर्ष. मी विद्यापीठात भूशास्त्रात संशोधन करत होते आणि बेगमपुऱ्यात आणखी दोघींबरोबर एका खोलीत राहत होते. नळ कधी पाचव्या दिवशी यायचा, कधी आठव्या, आणि आला तरी अर्ध्या तासात करंगळीएवढी धार व्हायची. विभागातल्या प्रयोगशाळेचा नळ तर होळीच्या आधीच आटला. आणि आमचं काम असं, की पाण्यावाचून काही पुढं सरकत नव्हतं.

आमच्या सरांनी एक प्रश्न हाती घेतला होता. पार खाली, गोदावरी महाराष्ट्र सोडते त्या अंगाला, जुने वालुकाश्म आहेत. कधीकाळच्या नदीची वाळू साचून, दबून झालेला दगड. ती वाळू नदीनं कुठल्या डोंगरांवरून आणली, हे शोधायचं होतं. आमच्या शहराभोवती सगळा काळा कातळ, वाळूचा दगड औषधालाही नाही. म्हणून आम्ही तिकडं जाऊन खालच्या, मधल्या आणि वरच्या अशा तीन थरांतले दगड गोण्या भरून आणले होते. ते कुटायचे, चाळायचे आणि परातीत धुवायचे. हलकी वाळू पाण्याबरोबर निघून जाते, जड कण तळाला राहतात. त्या जड कणांत झिरकॉन नावाचं खनिज असतं. आम्हाला हवे होते ते झिरकॉनचे कण, मिठाच्या खड्याहून बारीक.

आम्ही म्हणजे मी आणि ती. एम. एस्सी.पासून आम्ही एका वर्गात होतो. तिच्या वडिलांची बीड बायपासच्या पलीकडं जमीन होती, त्यातली काही प्लॉट पाडून विकलेली. भाऊ वाळूजला एका कंपनीत इंजिनिअर. दुमजली घर, दारात स्कूटी, मागं बोअर. सरांनी हे काम आम्हा दोघींना मिळून दिलं, आणि पाण्याचा प्रश्न आला तेव्हा ती लगेच म्हणाली, "अगं, आमच्याकडं धुऊ की. आमचा बोअर चालू आहे अजून."

शहागंजातून दोन मोठ्या पराती आणल्या आणि गोण्या रिक्षात घालून तिच्या परसात नेल्या. आम्ही दोघी पाटावर बसून परात हलवायचो. पाणी वाया जाऊ नये म्हणून परातीखाली घमेलं असायचं, ते भरलं की तिची आई ते डाळिंबाच्या झाडांना घालायची. गेटाशी गल्लीतल्या बायका हंडे घेऊन उभ्या असायच्या. काकू त्यांना आत घ्यायच्या, कुणाला परत पाठवायच्या नाहीत. मी निघाले की मलाही म्हणायच्या, "पोरी, दोन कॅन भरून ने गं. संकोच नको करू."

मी न्यायची. रिक्षात दोन्ही पायांमध्ये कॅन धरून बसायची, आणि खोलीवर पोचेपर्यंत माझा जीव नुसता चडफडायचा. काकूंनी कधी उपकार केल्याचं दाखवलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. त्या तसं कधी करत नव्हत्या, आणि तीही नाही. रागावायला जागाच ठेवत नव्हत्या त्या मायलेकी.

माझं घर धनगराचं. आबा अजून मेंढरं राखतात. पूर्वी उन्हाळ्यात शेतकरी स्वतः निरोप धाडायचे, आमच्या रानात मेंढरं बसवा म्हणून. लेंडीखत फुकटात मिळायचं ना. त्या वर्षी आबा वाळूजच्या पलीकडं उतरले होते, आणि दर दोन दिवसांनी तळ हलवत होते. ज्या रानांत ते बसायचे, त्यांत आता चुन्याच्या रेषा मारलेल्या, कोपऱ्या-कोपऱ्यावर दगड रोवलेले. एका रविवारी मी सिटी बसनं जाऊन त्यांना भेटले. एका अर्धवट बांधलेल्या कंपाउंडच्या सावलीला आम्ही भाकरी खायला बसलो.

"तू करतीस काय नेमकं तिथं?" आबांनी विचारलं.

"दगडातली वाळू कुठल्या डोंगराची, ते शोधते."

"वाळू सांगती व्हय?"

मग मी त्यांना सांगितलं. झिरकॉनचा कण डोंगराच्या पोटात, तापलेल्या रसात जन्मतो. जन्मताना तो थोडं युरेनियम आत घेतो, शिसं मात्र घेत नाही. पुढं त्या युरेनियमचं ठरलेल्या वेगानं शिसं होत राहतं. डोंगर झिजला, कण नदीत आला, वाळूत दबला, दगड झाला, तरी आतला हिशोब बिघडत नाही. युरेनियमची दोन जातींची भावंडं असतात, शिशाचीही असतात, त्यांना समस्थानिकं म्हणतात. यंत्र त्यांचं प्रमाण मोजतं आणि कणाचं वय निघतं. दर डोंगराच्या दगडाचं वय निरनिराळं. कणाचं वय ज्या डोंगराशी जुळलं, तो त्याचा डोंगर.

आबा चावता चावता थांबले. "म्हंजी शिशावरनं वय, अन् वयावरनं डोंगर."

"व्हय."

"लई भारी हाय की. मग तुझं नाव छापून येईल?"

"येईल."

"पहिलं?"

कामाला लागून वर्ष होत आलं होतं आणि हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. त्यानंतर मात्र तो मनातून गेला नाही. तिच्याशेजारी परात हलवताना मी तेच घोकत बसायची, की पहिलं नाव कुणाचं लागेल.

एक गोष्ट मात्र माझी होती. धुतलेल्या कणांतून झिरकॉन निवडायचं काम सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकानं करावं लागतं. एकेक कण उचलायचा, ठेवायचा. मला ते सहज जमायचं. तासन्‌तास बसले तरी माझा हात हलत नसे. तिचा हात थरथरायचा, दहा कणांत दोन भलतेच उचलले जायचे. सर एकदा माझ्या मागं उभे राहून बघत होते, म्हणाले, "असा हात मी अजून कुणाचा बघितला नाही." ते वाक्य मी कितीतरी दिवस जपून वापरलं. तिच्या स्कूटीचा आवाज आला की मनात म्हणायची, असा हात हिचा नाही.

यंत्र आमच्याकडं नव्हतं. दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत होतं, आणि तिथं आम्हाला चार दिवस मिळाले. जायचं एकीनंच. सरांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं.

"तू जा," सर तिला म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "तिथं माणसं प्रश्न विचारतात, तिथल्या तिथं उत्तर द्यावं लागतं. हिचं इंग्रजी बरं आहे. चकती तू तयार कर. ते तुझ्याइतकं कुणाला जमत नाही."

"हो सर," मी म्हणाले.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मला वाटलं होतं दोघींना पाठवतील. पुढच्या वेळी तू जा." तिनं ते मनापासून म्हटलं होतं. म्हणूनच मला ते जास्त लागलं. माझी पाळी ती ठरवणार होती.

चकती कशी करतात ते इथं सांगायला हवं. काचेवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावतात. तिच्यावर निवडलेले कण सुईनं ओळीत मांडतात. मी तीन रांगा मांडल्या होत्या. डावीकडं खालचा थर, मध्ये मधला, उजवीकडं वरचा. भोवती कडं ठेवून वरून पातळ राळ ओततात. ती घट्ट झाली की चकती सोडवून उलटी करतात आणि कण अर्धे कापले जाईपर्यंत घासतात. उलटी केल्यावर डावी रांग उजवीकडं येते. घोटाळा होऊ नये म्हणून मी दर चकतीच्या कडेला सुईनं बारीक बाण कोरायची, खालच्या थराकडं तोंड करून. आधीच्या सरावाच्या दोन्ही चकत्यांवर तो होता.

या वेळी घासता घासता दुपारी लाइट गेली, ती संध्याकाळी आली. गडबडीत चकती पुसली, डबीत ठेवली, वहीत रांगांचा नकाशा काढला. तो मात्र काचेवर मांडताना होता तसा. बाण कोरायचा राहिला. हे मी जाणूनबुजून केलं नाही. एवढं मला स्वतःबद्दल खात्रीनं सांगता येतं, आणि पुढचं काही तसं सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी डबी आणि वही द्यायला मी स्टेशनवर गेले. ती खिडकीशी बसली होती, काकूंनी दिलेला डबा मांडीवर.

"नकाशा वहीत आहे ना?"

"आहे," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच मला बाण आठवला.

गाडी सुटायला अजून आठ-दहा मिनिटं होती. एवढंच म्हणायचं होतं, बाण राहिलाय, उजवीकडून वाच. मी खिडकीच्या गजाला धरून उभी होते आणि माझ्या मनात स्पष्ट आलं, चुकू दे. चुकू दे हिला. परत आल्यावर सर विचारतील, हे असं कसं झालं. मग कळेल सगळ्यांना, की नुसत्या इंग्रजीनं रांगा ओळखता येत नाहीत.

"पाणी पीत जा गं वेळेवर," मी म्हणाले.

गाडी गेली. फोन माझ्या हातात होता. संध्याकाळी केला नाही, दुसऱ्या दिवशीही केला नाही.

तिसऱ्या दिवशी तिचाच आला. मी गुलमंडीत वाळू गाळायला मलमल घ्यायला गेले होते. दुकानाच्या पायरीवर, गर्दीत, एक कान बोटानं बंद करून मी ऐकत होते.

"अगं कमाल झालीये!" ती हसत होती. "खालच्या थरात तरुण कण निघाले. आणि वरचा थर सगळा म्हातारा! आपण समजत होतो त्याच्या बरोब्बर उलटं. इथले लोकपण चाट पडलेत."

माझ्या हातातली मलमलीची पिशवी पायरीवर पडली. दुकानदारानं ती उचलून दिली.

आम्ही धरून चाललो होतो ते असं. त्या जुन्या नदीनं आधी जवळच्या, फार म्हाताऱ्या डोंगरांची वाळू आणली असणार, आणि मग ती लांबत लांबत पूर्वेकडच्या दूरच्या, वयानं तरुण डोंगरांपर्यंत पोचली असणार. म्हणजे तरुण कण वरच्या थरात हवेत. ते खालच्या थरात असतील, तर दूरच्या डोंगरांची वाट मध्येच बंद झाली, नदीच्या आडवं काहीतरी उठलं. तसं आधी कुणी म्हटलं नव्हतं.

ती परत आली तेव्हा सर फळ्यासमोर उभे राहून खडूनं नद्या काढत होते. दुसऱ्या विभागातल्या लोकांना बोलावून दाखवत होते. पेढे आले. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरीनं नाव काढलं." एका मोठ्या परिषदेत तिनंच हे मांडायचं, असंही ठरलं. मी कोपऱ्यात पेढा धरून उभी होते. तिला खाली पाडायचं म्हणून मी गप्प बसले होते, आणि माझ्या त्याच गप्प बसण्यानं ती एवढी वर चढली. चूकसुद्धा तिला फळली होती. त्या दिवशी मी जितकी जळले, तितकी त्याआधी कधी जळले नव्हते.

सगळे गेल्यावर उरलेल्या कणांच्या कुप्या मी सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. खालच्या थराचे कण गोल, मळकट, झिजून झिजून गुळगुळीत झालेले. वरच्या थरात त्यांच्याबरोबर दुसरेही होते, गुलाबीसर, कंगोरे अजून शाबूत असलेले. नुसतं दिसण्यावरून वय सिद्ध होत नाही, पण मला काय ते कळलं. तिनं रांगा उलट्या वाचल्या होत्या.

तरी मी तीन आठवडे तोंड उघडलं नाही. सांगायचं तर, बाण राहिला हेच नाही, स्टेशनवर आठवला होता हेही सांगावं लागणार. न सांगावं, तर ती परिषदेत उभी राहणार आणि कुणीतरी जाणता माणूस तिला तिथंच पकडणार. खोटं कशाला बोलू, हे चित्र मनात आणून मला काही दिवस गोडही वाटलं.

मग एका सकाळी आम्ही तिच्या परसात नवी गोणी धूत होतो. परात हलवत ती सहज म्हणाली, "शोधनिबंधात सर तुझं नाव तिसरं टाकत होते. मी म्हटलं, नाय, कण हिनं निवडलेत, दुसरं नाव हिचंच. झाले कबूल."

"चकती तू उलटी वाचलीस," मी म्हणाले.

तिला आधी समजलं नाही. मी सगळं सांगितलं. बाण, नकाशा, कुप्या. मग तिनं विचारलं, "तुझ्या लक्षात कधी आलं?"

"स्टेशनवर. गाडी सुटायच्या आधी."

तिनं परात खाली ठेवली नाही. तळाला जड कण जमत आले होते. तेवढं पूर्ण धुतलं, कण कागदावर काढले, पुडी बांधली, तिच्यावर थराचं नाव लिहिलं. हात धुतले. मग म्हणाली, "ऊठ. सरांकडं जायचं."

स्कूटीवर मी तिच्या मागं बसले होते. विद्यापीठात तिनं स्कूटी लावली आणि पुढं चालू लागली.

सरांच्या केबिनमध्ये मी बोलायच्या आधीच ती म्हणाली, "सर, चकती मी उलटी वाचली. खालचा थर तो वरचा, वरचा तो खालचा. आपला निकाल चुकीचा आहे."

सरांचा चेहरा उतरत गेला. मग ते चिडले. इतकी साधी गोष्ट, पहिल्या वर्षाच्या पोरालासुद्धा कळते, मी दहा लोकांना सांगून बसलो, असं बराच वेळ. ती मान खाली घालून ऐकत होती. मी शेजारी उभी होते. तोंड उघडावं असं शंभर वेळा वाटलं, आणि उघडलं नाही.

बाहेर जिन्यात मी तिला म्हणाले, "माझं का नाही सांगितलंस?"

"वाचली तर मीच ना उलटी? बाण दिसला नाय तर फोन करून विचारायचं होतं. ते मी नाय केलं. माझं मी सांगितलं." तिचा आवाज अगदी साधा होता. "तुझं तू सांग. मी तुझ्या वतीनं सांगणार नाय, आणि झाकणारपण नाय." दोन पायऱ्या उतरून ती वळली. "आणि आता आमच्याकडं धुवायला येऊ नको."

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्याही आत तेच होतं. बघा, इथंही हीच मोठी ठरली.

सरांना सांगायला मला पाच दिवस लागले. ते ऐकून खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर नव्या इमारतीचं काम चालू होतं, ट्रकमधून दगडाचा चुरा ओतत होते. नदीची वाळू मिळेनाशी झाली म्हणून आता सगळीकडं तोच वापरत.

"मी तुला पाठवायला हवं होतं, असं आता मला वाटतंय असं समजू नकोस," सर शेवटी म्हणाले. "हेवा मलाही कळतो. पण तू दगडाबद्दल खोटं पसरू दिलंस."

मग त्यांनी दोन महिन्यांनी यंत्रावर पुन्हा वेळ मिळवला आणि आम्हा दोघींना एकत्र पाठवलं. तीच चकती, आता तिच्यावर बाण कोरलेला. गाडीत आम्ही समोरासमोर बसलो आणि स्टेशनांची नावं वाचत राहिलो. तिथं तिनं मला यंत्र शिकवलं. लेसरचा ठिपका कणावर कसा धरायचा, कुठं भेग असली तर टाळायचं, पडद्यावर शिशाचं प्रमाण चढताना काय बघायचं. कामापुरतं बोलायची, पण शिकवताना काही हातचं राखलं नाही. मी रांग वाचायची, ती मोठ्यानं उच्चारायची, मग ठिपका टाकायचा. निकाल आला तो आम्ही मुळात धरलेलाच. खाली म्हातारे, वर तरुण मिसळलेले. नदी हळूहळू लांबत गेली होती, बाकी काही नाही. सरांनी त्याचा छोटा निबंध लिहिला. पहिलं नाव तिचं, दुसरं माझं. आबांना मी तो दाखवला. त्यांनी दोन्ही नावांवरून बोट फिरवलं आणि पुन्हा काही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. विभागाचा नळ सुरू झाला आणि मी एकटीच तिथं धुवायला लागले. तिच्या घराच्या मागची जमीनही विकली गेली, तिथं आता सात मजले आहेत. काकू मला एकदा शहागंजात भेटल्या. "येत का नाहीस गं?" म्हणाल्या. म्हणजे तिनं घरी काही सांगितलं नव्हतं. मी कामाचं निमित्त सांगितलं.

ती आता त्या दक्षिणेतल्याच प्रयोगशाळेत आहे, यंत्र तिच्या ताब्यात. मी वाळूज रस्त्यावरच्या एका महाविद्यालयात शिकवते. आमच्यात मैत्री म्हणावी असं काही उरलं नाही, सणावाराला निरोप येतो-जातो. तिचा नवा निबंध छापून आला की मी सगळं बाजूला ठेवून वाचते, आणि वाचते ती चूक शोधायला. ही सवय गेली नाही, जाईल असंही वाटत नाही.

गेल्या हिवाळ्यात एक सापडली. एका तक्त्यात दोन नमुन्यांची वयं एकमेकांच्या जागी गेली होती. माझ्या छातीत तो जुना गोडवा आला, मला चांगलाच ओळखीचा. मी चहा केला, प्यायले आणि टेबलाशी बसून तिला लिहिलं. कुठला तक्ता, कितवी ओळ, काय झालंय ते. पाठवलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

चार वाजता उत्तर आलं. "बरोबर आहे तुझं. दुरुस्ती आजच पाठवते." खाली आणखी एक ओळ होती. तिच्या विद्यार्थ्यांपैकी कुणालाच कण नीट निवडता येत नाहीत, मे महिन्यात येऊन शिकवशील का, अशी.

मी हो म्हटलं.